वाडीपासून मोजलेली मिनिटे

गौरी-गणपती उरकले की कोकणातली घरे पुन्हा मिटतात. गाड्या मुंबईकडे वळतात, नातवंडांच्या चपलांनी भरलेली पडवी रिकामी होते आणि घरात उरते एक म्हातारी, फार तर दोन माणसे. निघताना मुलगा महिन्याच्या गोळ्या डब्यात लावून देतो, शेजारच्या वहिनींना ‘जरा लक्ष असू द्या’ म्हणून सांगतो, मोबाइलच्या पहिल्या बटणावर स्वतःचा नंबर टाकून ठेवतो. मे महिन्यापर्यंत त्या घराची आरोग्यव्यवस्था म्हणजे तो डबा, ती शेजारीण आणि ते बटण.

आज १ ऑक्टोबर, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर १९९० रोजी हा दिवस ठरवला आणि १९९१पासून तो पाळला जातो. तालुक्याच्या सभागृहात आज शाल-श्रीफळ दिले जाईल, रक्तदाब आणि साखर तपासण्याचे शिबिर भरेल. हे सारे मनापासून होते आणि ते व्हावेच. पण सभागृहापर्यंत येऊ न शकणारी म्हातारी नेमकी कोणत्या वाडीत आहे, तिच्या दारापासून पक्का रस्ता किती लांब आहे, पावसाळ्यात मधल्या साकवावरून पाणी जाते का, रात्री छातीत कळ आली तर रुग्णवाहिका दाराशी येते की वळणावरच थांबते, हे जिल्ह्याचे आरोग्य नियोजन करणाऱ्यांना एका जागी दिसते का? ते दिसावे, अशी साधने आज आपल्या हाताशी आहेत. तरीही ते दिसत नाही, याची आम्हांला मनापासून खंत वाटते.

आधी थोडे आकडे. २०११च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे होती १०.३८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. केरळात हे प्रमाण १२.६ टक्के होते, गोव्यात ११.२ आणि महाराष्ट्रात ९.९. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३च्या अहवालानुसार २०२२ साली देशात सुमारे १४.९ कोटी ज्येष्ठ होते. २०५०पर्यंत ते ३४.७ कोटींच्या घरात जातील, म्हणजे दर पाच भारतीयांत एक. पण देश सगळीकडे सारख्या गतीने म्हातारा होत नाही. पुण्या-ठाण्याची उपनगरे अजून तरुण आहेत. ज्या गावांतून ती तरुण माणसे आली, ती गावे केव्हाच म्हातारी झाली.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना या दोन जिल्ह्यांची घटली. रत्नागिरीत १६,९६,७७७ माणसे होती, ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गात ८,६८,८२५ होती, ती ८,४९,६५१ झाली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. हा आकडा मुलींच्या जन्माचे कौतुक करणारा नाही. पुरुष कामासाठी बाहेर आहेत आणि मागे राहिलेल्यांत वयस्क, विधवा बायका पुष्कळ आहेत, असे तो सांगतो.

आता या आकड्यांशेजारी आपल्या आरोग्य केंद्रांचा निकष ठेवू. सपाटीच्या भागात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, एक लाख वीस हजारांना एक सामुदायिक आरोग्य केंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे तीन हजार, वीस हजार आणि ऐंशी हजार. दारापासून केंद्रापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हा विचारही पुढे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आला. पण हिशेबाचा पाया डोकी मोजण्याचाच राहिला. या पायावर रत्नागिरीचे गणित मांडले, तर दहा वर्षांत ८१,७०८ माणसे कमी झाली, म्हणजे वीस हजारांच्या निकषाने चार प्राथमिक आरोग्य केंद्रांची गरज उरली नाही. कुणी ती केंद्रे बंद केलेली नाहीत. पण नवे केंद्र, वाढीव पद किंवा दुसरी रुग्णवाहिका मागायला गेले की हाच हिशेब आडवा येतो.

तो का चुकतो, हे गावातल्या कोणालाही कळेल. गेली ती कमावती माणसे, ज्यांना दवाखान्याची पायरी वर्षातून एखाद्या वेळी चढावी लागते. राहिली ती गुडघ्यांची, मोतीबिंदूची, रक्तदाबाची, साखरेची, विसरभोळेपणाची माणसे, ज्यांना महिन्याला गोळ्या लागतात आणि पडल्यावर उचलणारे कुणीतरी लागते. माणसे कमी झाली, पण गरज वाढली. शिवाय सोबत करणारे हात गेले, त्यामुळे चार किलोमीटरवरचे केंद्र आता आठ किलोमीटरवर असल्यासारखे झाले. पूर्वी मुलगा सायकलवर बसवून न्यायचा. आता रिक्षा सांगावी लागते आणि ती परत जाताना मिळेलच असे नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, म्हाताऱ्या होत चाललेल्या मुलखात आरोग्यसेवेचे माप मिनिटांत हवे. माणूस किती वयाचा आहे, एकटा आहे का आणि त्याच्या दारापासून मदत किती मिनिटांवर आहे, या तीन गोष्टी एका नकाशावर आल्या, तर कुठे परिचारिका हवी, कुठे वाहन हवे आणि कुठे फक्त एक साकव हवा, हे दिसू लागते. साकवाचा उल्लेख मुद्दाम केला. वाडीचा दवाखाना कधीकधी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या फायलीत अडकलेला असतो आणि आरोग्य विभागाच्या तक्त्यात तो दिसत नाही.

असा नकाशा करणे अवघड राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘अॅक्सेसमॉड’ ही संगणकप्रणाली मोफत मिळते. जमिनीचा उतार, नद्या, रस्ते आणि जंगल लक्षात घेऊन कोणत्याही वस्तीपासून आरोग्य केंद्रापर्यंत चालत किंवा वाहनाने किती वेळ लागेल, हे ती काढते. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. उपग्रहचित्रांवरून नकाशे करणे हे त्याचे कामच आहे. फक्त हे वेळेचे गणित मार्चचे आणि जुलैचे वेगळे मांडावे लागेल. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांना मार्चमधली वीस मिनिटे जुलैमध्ये दोन तास होतात. चालण्याचा वेगही तिशीतल्या माणसाचा धरून भागणार नाही. काठी टेकत चढउतार करणाऱ्या बाईचा वेग त्यात घालायला हवा.

माणसांची माहिती तर आपण आधीच गोळा करतो. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा ‘सी-बॅक’ फॉर्म भरते. त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभे राहताना, चालताना तोल जातो का, जेवायला किंवा कपडे घालायला कुणाची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावे, घरचा पत्ता विसरायला होतो का. म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्याचा ठाव घेणारे याहून नेमके प्रश्न कुणा तज्ज्ञालाही सुचणार नाहीत. ते एका विश्वासाच्या बाईने, ओटीवर बसून विचारलेले असतात. पुढे ते पोर्टलवर चढतात आणि वरच्या कार्यालयात ‘इतके फॉर्म भरले’ एवढीच टक्केवारी उरते. अमुक वाडीत चार जणी एकट्या राहतात आणि त्यातल्या दोघींचा तोल जातो, ही ओळ ज्या उपकेंद्राच्या उपयोगाची, तिथे ती परत येत नाही.

दोष आशाताईंचा नाही. ऑनलाइन कामाची सक्ती नको, ही त्यांच्या संघटनांची मागणी जुनी आहे. वहीत लिहायचे, मग तेच मोबाइलमध्ये भरायचे, रेंज नसेल तर टेकडीवर जाऊन पाठवायचे, आणि त्या माहितीचे पुढे काय झाले हे कधीच कळायचे नाही, असे काम कोण आनंदाने करील? जे साधन माहिती फक्त वर ओढते, त्याला नियोजनाचे साधन म्हणता येत नाही. आशाताईने भरलेल्या माहितीवरून दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच मोबाइलवर ‘आज या तीन घरी आधी जा’ असे आले पाहिजे. एवढे एक झाले, तर फॉर्म भरण्यातला अर्धा कंटाळा संपेल, असे आम्हांला वाटते.

जपान या वाटेवर आपल्यापेक्षा बराच पुढे आहे. तिथे सुमारे २९ टक्के लोक पासष्टीच्या पुढचे आहेत. एप्रिल २०००मध्ये त्यांनी दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा आणि वार्धक्यात गरजेप्रमाणे घरी किंवा केंद्रात शुश्रूषा मिळवायची. गरज ठरवण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. नगरपालिकेचा माणूस घरी येतो, ७४ बाबी तपासतो: कूस बदलता येते का, एका पायावर उभे राहता येते का, गोळ्या स्वतः घेता येतात का. ती माहिती संगणकात जाते आणि या माणसाला रोज किती मिनिटांची शुश्रूषा लागेल याचा अंदाज संगणक काढतो. ३२ ते ५० मिनिटे म्हणजे शुश्रूषेची पहिली पायरी, ११० मिनिटांपुढे पाचवी. पण निर्णय तिथे होत नाही. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक यांची स्थानिक समिती बसते. ती घरच्या डॉक्टरांचे मत आणि भेटीला गेलेल्या माणसाने शेवटी लिहिलेली टिपणे वाचते आणि गरज वाटल्यास संगणकाची पायरी बदलते. यंत्राने मिनिटे काढावीत आणि माणसांनी ती पुन्हा पाहावीत, ही कामाची वाटणी आम्हांला फार शहाणपणाची वाटते.

सेवांची आखणीही त्यांनी अशीच केली. उपचार, शुश्रूषा, घर आणि रोजची मदत हे सारे साधारण तीस मिनिटांत पोहोचेल अशा परिसरात असावे आणि तो परिसर म्हणजे माध्यमिक शाळेचा परिसर, असे त्यांनी मानले. मुले जिथपर्यंत चालत शाळेत जातात, तेवढ्यात म्हाताऱ्यांचेही सारे मिळावे, ही कल्पना आपल्याकडेही कुणालाही चटकन कळेल.

त्याच जपानची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. १९४७ ते १९४९ या काळात जन्मलेली मोठी पिढी २०२५पर्यंत पंचाहत्तरीच्या पुढे जाणार, हे ओळखून २०१४च्या कायद्याने देशाचे ३४१ प्रदेश पाडण्यात आले आणि प्रत्येक प्रदेशात पुढे कोणत्या प्रकारच्या किती खाटा लागतील याचे गणित मांडले गेले. सप्टेंबर २०१९मध्ये आरोग्य मंत्रालयाने १,४५५ सार्वजनिक रुग्णालयांची आकडेवारी तपासली आणि त्यांतील ४२४ रुग्णालयांची नावे जाहीर केली. त्यांनी आपल्या कामाचा फेरविचार करावा, असे सांगितले. एक कसोटी अशी होती की, तेच काम करणारे दुसरे रुग्णालय मोटारीने वीस मिनिटांच्या आत आहे का. यादी छापून आली आणि गावोगावचे महापौर, डॉक्टर, नागरिक हादरले. ज्यांच्या गावात ते एकच रुग्णालय होते, त्यांना आपल्या दवाखान्याचे नाव वर्तमानपत्रात वाचून ही बातमी कळली. मंत्रालयाचे अधिकारी मग प्रांतोप्रांती जाऊन ‘ही बंद करण्याची सक्ती नाही’ असे समजावत राहिले. काही महिन्यांत करोना आला आणि यादीतल्या अनेक रुग्णालयांनी त्याचे रुग्ण सांभाळले.

त्या यादीतही मोजणी मिनिटांतच होती, ही गोष्ट आम्ही विसरू इच्छित नाही. पण ती मोटार चालवणाऱ्याची मिनिटे होती. ऐंशीच्या घरातला माणूस गाडी चालवत नाही. त्याच्या घरासमोरून दिवसातून दोनदा बस जात असेल, तर वीस मिनिटांचे रुग्णालय त्याच्यासाठी अर्ध्या दिवसाचे होते. ते मिनिट कुणाचे आणि ते कुणाला विचारून मोजले, या प्रश्नाला बगल देऊन केलेला नकाशा कितीही सुबक असला, तरी लोक तो मानणार नाहीत. त्यांनी मानूही नये.

आता पुन्हा सिंधुदुर्गात येऊ, कारण ‘प्रदेश’ या शब्दाची खरी अडचण तिथे दिसते. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. तरी दोडामार्ग-सावंतवाडीकडचा माणूस गंभीर आजारी पडला की नातेवाईक पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीचा रस्ता धरतात. तिथले गोवा मेडिकल कॉलेज त्यांना जवळचे आहे, तिथे नात्यागोत्याची माणसेही आहेत. जानेवारी २०१८मध्ये गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. पुढे महाराष्ट्राच्या जनआरोग्य योजनेतून वाट काढण्याचे प्रयत्न झाले. आम्हांला इथे गोव्याला दोष द्यायचा नाही. छोट्या राज्याने आपल्या रुग्णालयावरचा भार मोजावा, हे साहजिक आहे. प्रश्न असा की, हे रुग्ण कुणाच्या नियोजनात आहेत? महाराष्ट्राच्या तक्त्यात ते ‘आलेच नाहीत’ आणि गोव्याच्या तक्त्यात ते ‘बाहेरचे’ आहेत. वैभववाडीकडचे लोक घाट चढून कोल्हापूरला जातात, तो ओघही असाच दिसत नाही.

रुग्ण ज्या वाटेने जातो, तो त्याचा प्रदेश. जपानमध्ये दोन लाखांहून कमी वस्तीच्या वैद्यकीय विभागातून वीस टक्के किंवा अधिक रुग्ण बाहेर जात असतील आणि बाहेरून येणारे वीस टक्क्यांहून कमी असतील, तर त्या विभागाची सीमाच पुन्हा तपासायची, असा निकष आहे. आपल्याकडे २७ सप्टेंबर २०२१ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक आला. या क्रमांकाची जाहिरात सोयीचे ओळखपत्र म्हणून होते. त्याचा मोठा उपयोग वेगळा आहे. रुग्णाच्या संमतीने त्याची कागदपत्रे ओरोस, बांबोळी आणि कोल्हापूर या तिन्ही ठिकाणी उघडता आली, तर त्याची फाइल पिशवीत घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्या बायकोचे ओझे कमी होईल. आणि नावे-पत्ते वगळून केवळ रुग्णांचा ओघ मोजता आला, तर दोन राज्यांना एका टेबलाशी बसून दक्षिण कोकण आणि उत्तर गोव्याची एकत्र आखणी करता येईल. भाषा एक आहे, नाती एक आहेत. आरोग्याच्या नोंदी तेवढ्या सीमेवर थांबतात.

‘संमती’ हा शब्द मात्र इथे घाईने ओलांडून चालणार नाही. सत्तरीच्या बाईचा अंगठा लावून घेणे सोपे असते. आपली माहिती कुठे जाते, कोण पाहते, नको म्हणता येते का, हे तिला तिच्या बोलीत कुणी सांगितले आहे? २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, पण तो ओटीवर पोहोचेल तो आशाताईच्या तोंडूनच. ‘एकटी राहणारी वृद्ध स्त्री’ ही नोंद दवाखान्याच्या हाती आधार आहे आणि चोराच्या हाती पत्ता. म्हणून वाडीनिहाय नकाशा सर्वांसमोर मांडताना त्यात आकडे असावेत. घर क्रमांक आणि नावे उपकेंद्राच्या कुलपातच राहावीत.

गेल्या काही वर्षांत ज्येष्ठांसाठी चांगल्या गोष्टी झाल्याच नाहीत असे नाही. २९ ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न लावता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे आयुष्मान कवच मिळाले. ई-संजीवनीमुळे उपकेंद्रातून दूरच्या डॉक्टरांशी बोलता येते. पण या कवचाचे ‘वय वंदना’ कार्ड कामी येते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. खुब्याचे हाड मोडण्याआधी न्हाणीघरात धरायला दांडी हवी, पक्षाघाताआधी रक्तदाबाची गोळी महिनाभर न चुकता हवी. दाखल होण्याआधीची ती सगळी वर्षे या कार्डाच्या बाहेर आहेत. केरळने २००८मध्येच परिहार सेवेचे (पॅलिएटिव्ह केअरचे) धोरण केले आणि पंचायतींच्या मदतीने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. तिथे कोणते ॲप वापरतात यापेक्षा परिचारिकेची फेरी ठरलेली आहे, हे मोलाचे. जिथे फेरीच नाही, तिथे कोणतेही साधन रिकाम्या खुर्चीचा पत्ता अधिक अचूक दाखवील, इतकेच.

आपल्याच राज्यात शिरूर तालुक्यातल्या वढूकडे पाहावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र तिथल्या बावीस गावांत २००२पासून घरोघर जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नोंद ठेवत आले आहे. गावातून कोण गेले आणि घरात कोण उरले, हे तिथे नियमितपणे कळते. उरलेला महाराष्ट्र अजून २०११च्या शिरगणतीवर चालतो. २०११ साली साठ वर्षांची असलेली बाई आज पंचाहत्तरीला टेकली. कागदावर ती अजून साठीतच आहे.

पुढच्या जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ आहे आणि ती मोबाइलवरून होणार आहे. तिचे आकडे हाती येऊन निकष बदलेपर्यंत थांबण्याची गरज आम्हांला दिसत नाही. जिल्हा वार्षिक योजनेचे प्रारूप जिल्हा नियोजन समितीपुढे साधारण जानेवारीत येते. मधल्या तीन महिन्यांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या एकेका तालुक्यात सी-बॅकमधली ज्येष्ठांची उत्तरे, वाड्यांपासूनचा प्रवासवेळ आणि १०८च्या रुग्णवाहिकांना पोहोचायला प्रत्यक्ष लागलेला वेळ एकत्र मांडता येईल. तो नकाशा आधी ग्रामसभेत भिंतीवर लावावा. ‘हा रस्ता पावसात बंद असतो’, ‘या घरची म्हातारी आता मुलीकडे गेली’, ‘इथे रेंज नाही’ असे लोक सांगतील, ते पेन्सिलीने त्यावर लिहून घ्यावे आणि त्या पेन्सिलीच्या खुणांसह तो ओरोसला आणि रत्नागिरीला पाठवावा.

जानेवारीच्या बैठकीत पालकमंत्र्यांपुढे रस्ते, बंदर, पर्यटन यांच्या फायली असतीलच. त्यांच्या शेजारी हा नकाशाही असावा, आणि दोडामार्ग व सावंतवाडीचा भाग चर्चेला येईल तेव्हा गोव्याच्या आरोग्य खात्याचा एक अधिकारी त्या टेबलाशी बोलावलेला असावा.